चढावर दमणारी गाडी

मेस्त्रींच्या गॅरेजात इंजिनाच्या कामाला परीक्षक एकच, मेस्त्रींची मिशी. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे चार नळ्यांचा ओतीव तुकडा. हवा आणि पेट्रोलचा फवारा त्यातून इंजिनात शिरतो. कारखान्यातून तो आतून खडबडीतच येतो. मेस्त्री त्या नळ्या ग्राइंडरने मोठ्या करत, मग घासून घासून चकाचक करत आणि आत बॅटरी मारून डोकावत. धातूत मिशी दिसली की काम पास. गिऱ्हाईकही डोकावून स्वतःचं नाक बघे आणि खूश होई. आपलं नाक इतकं उजळलेलं दिसल्यावर माणूस फारसे प्रश्न विचारत नाही.

मुलाला ग्रीसचा वास सोसत नसे, त्यानं चष्म्याचं दुकान धरलं. सून मात्र इंजिनाचं शिक्षण घेऊनच घरात आली होती. मेस्त्रींनी तिला ब्रेक दिले, क्लच दिले, ऑइलबदल तर उदार हातानं दिला. मॅनिफोल्डला मात्र बोट लावू दिलं नाही. म्हातारी माणसं घर वाटून देतात, हुकमाचं पान शेवटपर्यंत हातात ठेवतात.

अशात एका दुपारी जेवताना बायकोनं बातमी वाढली. "सूनबाईला त्या मोठ्या सर्व्हिस सेंटरनं बोलावलंय. या आठवड्यात हो-नाही कळवायचंय. तुम्ही काही बोलणार आहात, की नुसते घास मोजणार?"

"जायचं तर जाऊ दे. मी कोण अडवणार?"

"अडवू नका. थांब म्हणा. दोन्हींत फरक असतो."

मेस्त्रींना फरक चांगला ठाऊक होता. अडवायला आवाज लागतो, तो त्यांच्याकडे भरपूर होता. थांब म्हणायला जे लागतं त्याची घरात कायमची टंचाई.

दुसऱ्याच दिवशी बेकरीवाला आपली जुनी व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. तिचा मॅनिफोल्ड मेस्त्रींनीच मागच्या वर्षी घासून दिला होता.

"मेस्त्री, गाडी सपाटीला हरीण आहे, पण माल भरून टेकडी चढायची म्हटली की म्हैस होते. वळणावर बसूनच घेते. वरच्या इस्पितळात पाव वेळेवर पोचत नाहीत. उद्यापर्यंत काही झालं तर ठीक, नाहीतर दुसरी गाडी बघतो."

मेस्त्रींनी पेट्रोलला दोष दिला, कार्बोरेटरला दिला, शेवटी बेकरीवाल्याच्या वजनालाही दिला. सून हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "बाबा, नळ्या जरा जास्तच मोठ्या झाल्यात."

"मोठी वाट, जास्त हवा. यात शिकण्यासारखं काय आहे?"

तिनं वाद घातला नाही. गाड्या धुवायचा पाइप उचलला आणि नळ सोडला. पाणी तिच्या पायाशीच पडलं. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला, तशी धार समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. "जोरात पळवली तर इंजिन मोठ्या नळीतूनही हवा ओढून घेतं. चढावर हळू चालताना मात्र हवा आत रेंगाळते, पेट्रोल मागे पडतं. वर नळी आतून इतकी गुळगुळीत की पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळतात. थोडी खरखर असली तर ते हवेत मिसळत राहतात."

"म्हणजे माझी मिशी चुकली?"

"मिशी छान आहे बाबा. पण हवेला कुठं ती विंचरायचीय?"

बेकरीवाल्याला खोकला आला. हसू दाबताना येतो तसला.

तिनं फळीवरून दुसरा मॅनिफोल्ड काढला. भंगारातून आणून, मेस्त्री दुपारचे लवंडलेले असताना तिनं तो तयार केला होता. नळ्या मूळच्याच मापाच्या होत्या. आतले ओतकामाचे उंचवटे तेवढे काढले होते, आणि नळीचं तोंड इंजिनाच्या तोंडाशी बरोबर जुळवलं होतं. मेस्त्रींनी बॅटरी मारली. आत राखाडी खरखर, मिशीचा मागमूस नाही.

"लाव," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसून मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. गाडी चढली नाही, तर मिशी जिंकली, पण तोंड पडलेली पोर उद्याच निघेल. चढली, तर तिला स्वतःची किंमत कळणार, मग ती इथं कशाला राहील? दोन्ही बाजूंनी तोटाच. असा धंदा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

सून सांध्यात पॅकिंगचा जाड कागद ठेवून नट आवळणार, तेवढ्यात ते सवयीनं उठले. नळीत करंगळी घालून त्यांनी कडेनं फिरवली आणि थांबले. पॅकिंगचं भोक जरा लहान होतं. त्याची कडा पायरीसारखी आत आली होती, डोळ्याला दिसणार नाही इतकी. एवढी पायरी हवेला अडखळायला पुरते. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं.

क्षणभर ते गप्प बसलेही.

मग म्हणाले, "पॅकिंग काढ. आत डोकावतंय."

तिनं बोट फिरवून पाहिलं आणि जीभ चावली. "हे माझ्या नजरेतून सुटलं."

"नजरेचं कामच नाही ते. आण इकडे, कातरतो."

दोघांनी मिळून पॅकिंग बसवलं. व्हॅनमध्ये पिठाची पोती भरली, पोत्यांवर सून बसली, पुढं मेस्त्री. टेकडीच्या वळणावर बेकरीवाल्यानं सवयीनं हँडब्रेककडे हात नेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, हळू, पण कुरकुर नव्हती. वळण मागं गेलं. बेकरीवाल्यानं हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणाला, "चढतीय की."

इस्पितळाच्या फाटकाशी तो चहा सांगायला उतरला. मेस्त्री काचेतून समोरच बघत होते.

"सेंटरवाल्यांना काय कळवणार?"

"तिथं काही उघडत नाहीत, बाबा. अख्खा सुटा भाग फेकतात, नवा लावतात. पगार चांगला आहे."

"हं." मेस्त्रींनी घसा साफ केला, दोनदा केला. "थांब."

"कशाला? चहा येतोय ना."

"चहासाठी नाही. गॅरेजात थांब. मॅनिफोल्ड तू बघ, फिटिंगला बोट मी फिरवीन."

सून पोत्यांवरून पुढं वाकली. मग ती म्हणाली, "एक अट आहे. आजवर नळ्या मोठ्या केल्यात त्या सगळ्यांना फोन करायचा. तुम्हीच."

"तू कर ना. तुझा आवाज गोड आहे."

"हात तुमचा होता."

मेस्त्रींनी मोबाइल काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि पहिला नंबर लावला. तो होता शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरचा, जुना दोस्त.

"काय रे, तुझी गाडी चढावर दमते का?"

पलीकडून आवाज आला, "दमते रे. वर्ष झालं. पण तू एवढ्या हौसेनं घासलं होतंस, सांगायचं कसं?"

मेस्त्री पिठानं पांढऱ्या झालेल्या बाहीनं मिशी पुसत म्हणाले, "उद्या सकाळी घेऊन ये. सूनबाई बघेल."