मणिमहेशचं मावंदं

पाय धुवायला माणसं रांगेत उभी होती आणि वैजनाथला वाटत होतं, हे पाय गुडघ्यापासून तोडून कुठंतरी पुरून टाकावेत.

मांडवाच्या मधोमध पाट, पाटावर वैजनाथ, पुढं पितळी परात. यात्रा करून आलेल्या माणसाचं मावंदं असलं की हे असतंच. आणलेल्या तीर्थाची पूजा होते, आणणाऱ्याचे पाय गाव धुतं, मग ते तीर्थ त्याच्याच हातानं महादेवावर घालायचं आणि पंगती बसायच्या. काशीची मावंदी गावानं ढीगभर पाहिली होती. पण हे पाणी हिमाचलातल्या मणिमहेशचं होतं. कैलास म्हणतात त्या शिखराच्या पायथ्याचं तळं, तेरा हजार फुटांवर. हडसर गाव सोडलं की नुसती चढण. तेरच्या ह्या पट्ट्यातून तिथं कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. वैजनाथ गेला होता. म्हणजे गाव तसं म्हणत होतं आणि त्यानं म्हणू दिलं होतं.

खरी गोष्ट एवढीच, की वैजनाथ त्या तळ्यापर्यंत पोचलाच नव्हता. पूजेला मांडलेल्या तांब्याच्या गडूतलं पाणी आणलं होतं धुरपताबाईनं.

धुरपताबाई माळावरच्या धनगरवस्तीवरची. साठी उलटलेली, मोकळ्या कपाळाची, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. तिचा मुलगा शिवपुत्र फौजेत, पठाणकोटला. आईनं एकदा तरी महादेवाचा डोंगर बघावा म्हणून त्यानं सगळं जमवून आणलं आणि ऐन वेळी त्यालाच रजा मिळाली नाही. वैजनाथ एसटीतला रिटायर कंट्रोलर. तीस वर्षं स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारलेला, त्यामुळं गावात त्याच्या शब्दाला वजन. तोही त्याच यात्रेला निघाला होता. गावानं त्याला बजावलं, बाई अडाणी हाय, सांभाळून न्या, सांभाळून आणा. त्यानं मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती.

चढणीवर धनछो इथं मुक्काम करून सकाळी दोघं निघाले. सुंदरासी म्हणून पुढचा तळ, तिथपर्यंत वैजनाथ कसाबसा गेला आणि तिथं त्याच्या छातीत हवा शिरेना. डोकं फुटायला लागलं, पाय कापूस झाले. तिथल्या डॉक्टरनं ऑक्सिजनची नळी लावली, पडून राहायला सांगितलं आणि बजावलं, ऊपर नहीं जाना. तंबूत पुढं जे झालं ते वैजनाथनं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला जरा बरं वाटल्यावर धुरपताबाई त्याचा गडू घेऊन एकटीच वर गेली. चार वाजता खाली आली ती भरलेला गडू पदरात बांधून, आणि तळं कसं आहे ते लेकराला सांगावं तसं त्याला सांगत बसली.

खोटं ठरवून बोललो नाही, असं तो स्वतःला समजवायचा. हेही खोटंच. डोंगर उतरून खाली भरमौरला आल्यावर मोबाइलला रेंज आली आणि तारामतीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. पोचलात का वर, दर्शन झालं का. तिकडं चार शेजारी जमलेत आणि फोन स्पीकरवर आहे, हे त्याला आवाजावरून कळलं. तो म्हणाला, झालं की. आणि धुरपताबाई? आता ह्या खोट्याला टेकू लावणं आलं. तो म्हणाला, बायांना गौरीकुंडापर्यंतच असतं, त्या तिथंच थांबल्या.

गौरीकुंड तळ्याच्या थोडं अलीकडं आहे आणि बाया तिथं अंघोळ करतात, एवढं खरं. पण अंघोळ करून त्या पुढं तळ्यावर जातातच. वैजनाथनं ते डोळ्यांनी बघितलं नव्हतं, पण बघून आलेली बाई त्याच्या शेजारी लंगरच्या सतरंजीवर राजमा-भात खात बसली होती. तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा भातात हात घातला. त्या बघण्यात राग असता तरी बरं झालं असतं.

गावात आल्यावर पोरांनी फोटो मागितले. वर थंडीनं मोबाइल बंद पडला होता, असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं. मानायला गाव तयारच होतं. देवाचं पाणी कंट्रोलरच्या हातून आलेलं गावाला बरं वाटतं. मेंढरं हाकणाऱ्या बाईनं आणलं म्हटल्यावर तीर्थासाठी किती जणांनी तळहात पुढं केला असता, ते गावानंच स्वतःला विचारावं.

पण त्या टेकूनं भलताच घोटाळा केला. अंगणवाडीतली दैवशाला आणि तिच्या बचत गटाच्या आठ बायका, अशा नऊ जणींनी पुढच्या साली मणिमहेशला जायचं ठरवलं होतं. धुरपताबाईला पुढं घालून जायचं, असा बेत. वैजनाथचं बोलणं घराघरांत पोचलं आणि नवऱ्यांना आयतं कारण मिळालं. बायांना वरपर्यंत जाता येत न्हाय तर अर्ध्यातून माघारी यायला हिमालय कशाला, इथल्या येडेश्वरीला जाऊन या. बेत मोडला.

मावंद्याच्या दोन दिवस आधी, दिवस मावळताना धुरपताबाई वैजनाथच्या दारी आली. आत या म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच टेकली.

"कंट्रोलर, तुमी गेलो म्हनलात, म्हना," ती म्हणाली. "मला त्येचं काय न्हाय. म्या देवाला बघितलंय, देवानं मला बघितलंय. पन बायांना तिथवरच असतंय, हे कुठनं आनलं?"

वैजनाथ म्हणाला की तोंडातून निघून गेलं.

"मग परवा माईकवर तेवढं खोडा. त्या पोरी लई हिरमुसल्यात."

त्यानं शब्द दिला. ती उठली, गुडघ्यावर हात न टेकता उठली, आणि वस्तीच्या वाटेला लागली. दोन दिवस वैजनाथ एकच हिशेब करत राहिला. बाया जाऊ शकतात म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग धुरपताबाई का नाही गेली? आणि गेली असेल तर कंट्रोलर कुठं होता?

आणि आज सकाळी त्यानं जे केलं, त्याला नाव नाही.

माजी सरपंच गौरीशंकरनं त्याला हार घातला, माईक दिला. माईक हातात आला की वैजनाथचा आवाज आपोआप सरळ होतो. त्यानं वर्णन केलं. आभाळाच्या रंगाचं पाणी, काठावर रोवलेले त्रिशूल, वाऱ्यानं फाटलेले झेंडे, समोर ढगातून निघणारं शिखर. सगळं धुरपताबाईच्या तोंडून ऐकलेलं, तिच्याच शब्दांत. मांडवात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग तो म्हणाला की आपली सांगण्यात चूक झाली होती, बायांना बंदी-बिंदी काही नाही, बाया वरपर्यंत जातात.

बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. दैवशाला ताठ बसली. गौरीशंकरनं जागेवरूनच विचारलं, मग धुरपता का न्हाय गेली?

तीस वर्षांत वैजनाथ माईकवर कधी अडखळला नव्हता. तेव्हाही अडखळला नाही.

"दमल्या हो त्या," तो म्हणाला. "वय झालं आता."

मांडव हसला. कुणीतरी मागून म्हणालं, मेंढरांमागं बार्शीपर्यंत जाती आन् देवाच्या दारात बसकण मारली व्हय गं धुरपते. पुन्हा हशा. धुरपताबाईनं पदर पुढं ओढला. चढण तर वैजनाथनं आधीच स्वतःच्या नावावर केली होती, आता त्यानं तिचे पायही काढून घेतले.

म्हणून तो पाटावर बसून आपले पाय तोडायच्या गोष्टी करत होता. आतल्या आत. बाहेरून तो हसत होता, येईल त्याला आशीर्वाद देत होता.

रांग सरकत गेली आणि धुरपताबाई समोर आली. इतरांसारखीच. वाकून परातीशी बसली, तांब्यानं पाणी घातलं, अंगठ्यानं तळपाय चोळला. तिचा हात खरबरीत, सावकाश. ती टोमणा मारायला आली नव्हती. गावाची रीत म्हणून आली होती, सगळ्या बाया आल्या तशी. तिनं डोकं त्याच्या पायावर ठेवायला मान खाली केली, तिच्या पांढऱ्या केसांचा स्पर्श बोटांना झाला, आणि वैजनाथनं पाय असा ओढला की परात कलंडली. पाणी तिच्या लुगड्यावर, सतरंजीवर, सगळीकडं.

लोक हसले. कंट्रोलर लाजले म्हणाले.

वैजनाथनं बाजूचा माईक उचलला.

"मी वर गेलेलोच न्हाय," तो म्हणाला. "मी सुंदरासीला तंबूत पडून होतो. पाणी धुरपताआक्कांनी आणलंय."

मग गौरीशंकर उठला, त्यानं वैजनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा माईक घेऊन सांगायला लागला की बघा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा. एवढं पुण्य केलं आणि एका गरीब बाईच्या पदरात टाकून मोकळा. टाळ्या पडल्या. एक म्हातारा तर पुन्हा पाय धरायला पुढं आला.

वैजनाथला कळेना, हसावं का ओरडावं. खरं बोललं तरी हार आपल्याच गळ्यात पडतोय.

"मोठेपणा न्हाय," तो म्हणाला. आवाज आता स्टँडवरचा नव्हता, चिरका होता. "ऐका. माझी विजार घाण झाली होती. उलटी, जुलाब, सगळं अंगावर. मी आक्कांचा पदर धरून रडत होतो, मला टाकून जाऊ नका म्हणून. त्यांनी मला पुसलं. माझी विजार बर्फाच्या पाण्यात धुतली. अंगात ऊब येईस्तवर पाय चोळत बसल्या. मग एकट्या वर गेल्या. आन् मी त्यांच्याच शेजारी बसून फोनवर सांगितलं, मी गेलतो, त्या थांबल्या. आजबी तेच सांगितलं. दमल्या म्हणालो."

आता टाळी नव्हती. मोठेपणाला कुणी घाणीची विजार जोडत नाही, तेवढं गावाला कळतं. शूटिंग करत असलेल्या धनाजीनं, वैजनाथच्या मुलानं, मोबाइल खाली केला आणि बापाकडं न बघता खिशात घातला. तारामती उठली आणि घरात निघून गेली. मागं कुणीतरी फिसकन हसलं, ते हसू तसंच लटकत राहिलं. पाय धरायला आलेला म्हातारा हात मागं घेऊन धोतराला पुसत होता.

धुरपताबाई ओलं लुगडं पिळत उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"विजारीचं कशाला काढलं?" ती हळू म्हणाली. "म्या माझ्या लेकाला बी सांगितलं नव्हतं."

वैजनाथला वाटलं होतं, हे बोललं की छातीवरचा धोंडा उतरेल. उलट धोंडा आणखी खाली बसला. ज्या बाईनं महिनाभर त्याची अब्रू पदराखाली झाकली, तिलाच त्यानं भर मांडवात मान खाली घालायला लावली होती. खरं सांगायचीही त्याला अक्कल नव्हती. ते सांगतानाही तो मांडवाकडं बघत होता, तिच्याकडं नाही.

रामलिंग गुरव गडूपाशी खोळंबला होता. त्यानं घसा खाकरून विचारलं, पाणी घालायचं कुणी. गौरीशंकर घड्याळ बघत म्हणाला की वाद नको, रामलिंगकाका, तुमीच घाला आन् पंगत बसवा. पाच-सहा माना लगेच हलल्या. तेवढ्यात दैवशाला उभी राहिली.

"आणलं ज्यांनी, त्यांच्या हातनंच घालत्यात," ती म्हणाली. "असंच असतंय ना काका?"

रामलिंगनं एकदा गौरीशंकरकडं पाहिलं, एकदा गडूकडं. "असतंय तर तसंच," तो म्हणाला आणि गडू धुरपताबाईच्या हातात दिला.

बाया उठून तिच्या मागं देवळात गेल्या. पुरुष बसून राहिले, मग एकेक करत पंगतीची जागा धरायला गेले. पाय धुवायची रांग कधी मोडली ते कळलंच नाही. वैजनाथ पाटावर एकटाच उरला. त्याच्याशी कुणी भांडलंही नाही. माणसं त्याला वळसा घालून जात होती, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

देवळातून आलेली दैवशाला मात्र सरळ त्याच्यापुढं येऊन थांबली. हातात गटाची वही होती.

"पुढल्या साली आमी जाणार," ती म्हणाली. "वाट कशी हाय, कुठं थांबायचं, काय लागतंय, ते लिहून घ्यायचंय. कुणाला विचारू?"

वैजनाथनं खाली बघितलं. सतरंजी अजून ओलीच होती.

"सुंदरासीपर्यंतचं मी सांगतो," तो म्हणाला. "तिथनं पुढचं मला ठाऊक न्हाय. ते आक्कांना विचार."

दैवशाला त्याच्यापासून हातभर लांब बसली, वही उघडली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "सांगा."