सीलबंद माल

वसंत गुरुजींनी आयुष्यात एकदाच धंदा केला होता आणि त्यात त्यांना नफा झाला होता. पुढचं सगळं त्या नफ्यामुळेच घडलं.

तो धंदा स्कूटरचा. त्या काळी पैसे भरून स्कूटरचा नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं अशी रीत होती. हैदराबादच्या मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी तसा नंबर लावला. तो यायला सात वर्षं लागली, आणि तोवर गुडघे बोलायला लागले होते. स्कूटर दारात आली त्याच दिवशी अफझलगंजचा एक कापडवाला छापील किमतीच्या वर भरभक्कम रक्कम देऊन ती घेऊन गेला. या वरच्या रकमेला तेव्हा सगळे 'ऑन' म्हणत. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. त्या ऑनमध्ये मुलीच्या, वृषालीच्या, लग्नाचा मांडव आणि जेवणावळ निघाली. त्या वर्षापासून दहावीला नफा-तोटा शिकवताना गुरुजी हेच उदाहरण घ्यायचे. "माल तोच, दुकानदार तोच," ते विचारायचे, "मग किंमत कुणी वाढवली?" आणि स्वतःच सांगायचे, "वाट पाहण्यानं."

मुलगा गिरीश सरकारी कारखान्यात रेडिओ जोडायचा. परदेशी माल मोकळा झाला तसे कारखान्याचे रेडिओ कुणी घेईना. साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले आणि गिरीशनं सही केली. आलेल्या पैशांत त्यानं नारायणगुड्याला टीव्ही गेमचं दुकान थाटलं. चार टीव्ही, चार मशीन, तासावर खेळायला पोरं, आणि मागितली तर विकत द्यायलाही मशीन. शाळा सुटली की दुकानात उभं राहायला जागा नसायची. दोन वर्षं बरी गेली.

तिसऱ्या वर्षी जागेचे मालक प्रतापराव म्हणाले, एप्रिलपासून नवा करार आणि नवं डिपॉझिट. वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला तीच जागा हवी होती, आणि त्यानं सांगितलेला आकडा मोठा होता. इकडे कारखान्यातला जुना मित्र मस्कतहून फोन करत होता, ये म्हणून.

एका रविवारी जेवताना गिरीशनं सरळ सांगून टाकलं. "अण्णा, मार्चपर्यंत डिपॉझिट उभं राहिलं तर दुकान. नाहीतर मी मस्कतला जातो. मग स्वाती आणि राणीलाही तिकडेच नेईन."

गुरुजींचा घास हातातच राहिला. राणी म्हणजे गिरीश-स्वातीची मुलगी, आठ वर्षांची. शाळेत इंग्रजी, गल्लीत तेलुगू, रिक्षावाल्याशी हिंदी. मराठी वाचायची ती फक्त संध्याकाळी आजोबांच्या मांडीला टेकून. जोडाक्षर आलं की बोट तिथेच ठेवून वर बघायची, आणि ते सांगेपर्यंत बोट हलवायची नाही. दिवसभरातल्या त्या अर्ध्या तासासाठी गुरुजी उरलेला दिवस काढत.

"डिपॉझिट उभं करू," ते म्हणाले. "माझी ग्रॅच्युइटी बँकेत पडूनच आहे."

"पडून नाही, म्हातारपणासाठी ठेवलेली आहे," गुरुजींच्या बायको सरोजबाई आमटी वाढत म्हणाल्या.

"आता काय तरुण आहोत आपण?"

ग्रॅच्युइटी डिपॉझिटला पुरणार नव्हती. ती माल घ्यायला वापरायची आणि मालाच्या नफ्यासकट डिपॉझिट भरायचं असं ठरलं. बाप-लेक अफझलगंजला हबीबभाईंकडे गेले. हबीबभाई सिंगापूरहून माल आणवत. त्यांच्याकडे गेमची पंधरा मशीन होती, जपानी, डब्यात सीलबंद, आणि भाव ऐकून गिरीशच चमकला. नेहमीपेक्षा बराच कमी होता.

"सस्ता कायकू?" त्यानं विचारलं.

"कायकू की बाहर सीडीवाली मशीन आ गई," हबीबभाई म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही. "अभी बहुत महंगी है, अपने लोगां लेते नई. मगर ये माल रखने का नई है मास्टरसाब. ये दूध है दूध. दिवाली तक निकाल डालो."

येताना रिक्षात गुरुजी खुशीत होते. "व्यापारी माणूस. माल खपवायला असंच बोलणार."

"अण्णा, ते खरं बोलतायत. नवं मशीन आलं की जुनं पडतं."

"असं? पंच्याऐंशी साली नव्या मॉडेलची स्कूटर आली, महाग. तेव्हा जुनीचा ऑन कमी झाला की वाढला?"

"वाढला."

"का वाढला?"

गिरीशला लहानपणी पाठ झालेलं उत्तर द्यावंच लागलं. "नवी परवडेना, म्हणून लोक जुनीकडे वळले."

"झालं तर मग," गुरुजी म्हणाले. वर्गात उत्तर बरोबर आल्यावर ते असंच म्हणत.

डबे घरी आणून पलंगाखाली लावले. सरोजबाईंना केर काढायला डबे सरकवावे लागत. "तुमची पंधरा लेकरं पाय पसरून झोपलीत," त्या म्हणायच्या.

दिवाळीच्या आधी चार दिवस सिकंदराबादचा एक माणूस दुकानात आला. त्याला तिकडे गेमचं पार्लर काढायचं होतं. पंधराच्या पंधरा मशीन एकदम, रोख, आणि भाव खरेदीच्या सव्वापट. गिरीशनं त्याला चहा मागवला आणि घरी येऊन गुरुजींना बाहेर बोलावलं.

"देऊन टाकू, अण्णा. डिपॉझिटला थोडे कमी पडतात, तेवढे प्रतापरावांकडून महिनाभर मागून घेतो. ऐकतील ते."

"एक माणूस सगळी घेतो याचा अर्थ काय?"

"त्याला गरज आहे."

"याचा अर्थ बाजारात माल नाही. जानेवारीत नुमाईश, एवढं मोठं प्रदर्शन. सगळं शहर नामपल्लीला येतं, खिशात पैसे घेऊन. तिथे एकेक मशीन दीडपटीनं जाईल. मग प्रतापरावांपुढे हात पसरायला नको." गुरुजींनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "थोडं थांब."

गिरीशनं उंबऱ्याजवळ चपला घातल्या. पैसे वडलांचे होते. कारखाना सोडला तेव्हा सगळे नातेवाईक बोलले, एकटे अण्णा बोलले नव्हते. तो दुकानात परत गेला आणि त्या माणसाला नाही म्हणाला. चहाचे पैसे त्या माणसानं स्वतः दिले.

नुमाईशीत त्यांनी एका खेळणीवाल्याच्या गाळ्यात अर्धी जागा घेतली. गुरुजी रोज संध्याकाळी स्वेटर आणि मफलर घालून स्टुलावर बसायचे. गर्दी हवी तितकी होती. मुलं थांबत, आईबापांचा हात ओढत, आणि गुरुजी त्यांना समजावून सांगत, जॉयस्टिक कुठे लावायची, कॅसेट कशी बसवायची. शिकवणं त्यांच्या अंगातच होतं. पण समजून घेतल्यावर मुलं या आजोबांना विचारत, "तातय्या, सीडीवाली नहीं है?"

"ती फार महाग आहे, बेटा."

"अब नहीं है," एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. "मेरे मामा लाए. कंपनी ने कम कर दिया."

गुरुजींना वाटलं, पोरीला समजलं नसेल. मशीन खपत नसेल म्हणून कुणी दुकानदारानं कमी केलं असेल. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम वाट वाकडी करून हबीबभाईंकडे गेले.

"हौ, कंपनीच कम करी," हबीबभाई म्हणाले. "पूरी दुनिया में."

"खपत नव्हती का?"

"उलटा. लाइन लगी है."

"लाइन लागली असताना भाव कमी केला?"

"मशीन घर में बैठ गई की सीडियां खरीदना पड़ता ना. असल कमाई उसमें है. मशीन पे तो घाटा भी खा लेते."

गुरुजी दुकानाच्या पायरीवर बसले. एकतीस वर्षं त्यांनी नफा-तोट्याची गणितं घातली होती. साखर, केरोसीन, सिमेंट, टेलिफोन, स्कूटर. मागणी वाढलेली असताना कुणी आपण होऊन भाव उतरवला, असं गणित त्यांनी कधी घातलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात पाहिलंही नव्हतं. हबीबभाईंनी पाणी मागवलं. ते पिऊन गुरुजी उठले आणि मफलर तिथेच विसरले.

नुमाईश संपेपर्यंत दोन मशीन गेली, खरेदीच्याही खाली. गाळ्याच्या भाड्यात तेही पैसे संपले.

आता गिरीश म्हणत होता, मिळेल त्या भावाला काढू. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गुरुजींनी कदाचित ऐकलंही असतं. पण मुलापुढे चूक कबूल करायची म्हणजे तो मस्कतला निघालाच. एक आशा अजून शिल्लक होती, आणि ती काही वेड्याची नव्हती. फेब्रुवारीअखेर बजेट. गुरुजींच्या आठवणीत तरी एकही बजेट परदेशी माल महाग केल्याशिवाय गेलं नव्हतं. दरवर्षी बजेटच्या आधी लोक घड्याळं, रेडिओ, साबणसुद्धा घेऊन ठेवत. कर वाढला की घरातल्या मालाला आपोआप भाव.

"तेवढं होऊ दे," ते म्हणाले.

"अण्णा, हल्ली बजेटं तशी नसतात."

"सरकार ते सरकार."

बजेटच्या संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले. अर्थमंत्री बराच वेळ बोलत होते. गुरुजी कानामागे हात धरून ऐकत होते. मग आयात कराचं आलं. याच्यावर इतका होता तो इतका करतो, त्याच्यावर इतका होता तो इतका करतो. प्रत्येक वेळी दुसरा आकडा लहान. सभागृहात बाकं वाजत होती.

मग सरोजबाई म्हणाल्या, "तुमच्या बजेटनं जन्मात पहिल्यांदा काही स्वस्त केलं, आणि तेही आपलंच."

त्यांनी हे टोचायला म्हटलं होतं, पण म्हणून झाल्यावर नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्या उठल्या आणि उगीचच दूध तापवायला गेल्या. गिरीशनं टीव्ही बंद केला. "पासपोर्टचे फोटो काढायचेत उद्या," तो स्वातीला म्हणाला. वडलांना त्यानं एक शब्द लावला नाही. लावला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

मार्चअखेर दुकानाची किल्ली प्रतापरावांना दिली. एप्रिलमध्ये गिरीश गेला. तिकडे त्याला एका मोठ्या दुकानात काम मिळालं. फोनवर त्यानं सांगितलं, "मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावायचं काम आहे, अण्णा. आठवड्याला बदलतात. मी लावतो, मीच काढतो."

"कमी होतात की जास्त?"

"कमीच," गिरीश म्हणाला, आणि मग राणीला फोन द्यायला सांगितलं.

मेमध्ये गुरुजी एकटेच रिक्षा करून पलंगाखालचे डबे हबीबभाईंकडे घेऊन गेले. हबीबभाईंनी बसायला खुर्ची दिली. मशीन म्हणून ते घेऊ शकत नव्हते, तेही त्यांनी सरळ सांगितलं. अडॅप्टर आणि जॉयस्टिक दुरुस्तीवाल्यांना लागतात, तेवढ्याचे पैसे देता येतील.

"डब्बे खोलना पडता, मास्टरसाब."

"खोला."

नोकरानं ब्लेड चालवली. डब्यामागून डबा उघडत गेला, थर्मोकोल करकरत निघाला, आतलं काळं मशीन आरशासारखं चकाकत होतं. ते बाजूला एका पोत्यात जात होतं. गुरुजी शेवटपर्यंत बघत बसले. हबीबभाईंनी पैसे हातावर ठेवले आणि विचारलं, "बहू-बच्ची कब जाते?"

"शाळेचा दाखला मिळाला की. जूनमध्ये, नाहीतर दिवाळीनंतर. अजून ठरलेलं नाही. सून म्हणते, तुम्ही सांगाल तसं."

स्वाती खरंच तसं म्हणाली होती. दिवाळीपर्यंत राहिली तरी चालेल, राणीचं एक सत्र इथे होईल, असं तिनंच सुचवलं होतं. गुरुजींनी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. सहा महिने. सहा महिन्यांत राणीची जोडाक्षरं पक्की झाली असती, आणि मग ती कुठेही गेली तरी वाचू शकली असती.

"टिकट जून के बाद बढ़ते," हबीबभाई म्हणाले. "लेकिन क्या मालूम. उतर भी जाते. आजकल कुछ बोल नई सकते."

परत येताना गुरुजी अबिड्सला रिक्षातून उतरले आणि ट्रॅव्हल एजंटच्या काचेच्या दारातून आत गेले. तिथली मुलगी भली होती. तिनं दोन्ही भाडी सांगितली आणि म्हणाली, "अंकल, थोडं थांबलात तर सप्टेंबरमध्ये स्कीम येऊ शकते. नक्की नाही, पण बरेच लोक थांबतात."

गुरुजींनी पैसे काउंटरवर ठेवले. स्वातीच्या तिकिटाचे गिरीशनं पाठवले होते, हे राणीचे होते. लहान मुलांच्या अर्ध्या तिकिटापुरते जेमतेम भरले.

"दहा जूनचं द्या," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा राणी पुस्तक उघडून दारातच बसली होती. एका शब्दावर तिचं बोट होतं. गुरुजींनी चपला काढल्या, तिच्याजवळ बसले, पण लगेच काही सांगितलं नाही.

"आजोबा, सांगा ना."

"तूच वाच आता," ते म्हणाले. "मी नसलो की कोण सांगेल?"

तिनं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चुकलं. मग तिनं बोट उचललं, पुस्तक मिटलं आणि खेळायला शेजारी निघून गेली.