साचा आहे, आरसा नव्हे

लोखंडी साचा घासायला काय अक्कल लागते, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा घासून बघावा. बाटलीचा साचा म्हणजे दोन अर्धुकं. ती मिटतात, पोटात तापलेली काच घेतात, आत हवा फुंकली की बाटली फुगते, मग ती परत उघडतात. दिवसभर हेच. वंगण जळून आत काजळीचा थर बसला, की साचा मशीनवरून उतरतो आणि घासणाऱ्याच्या ओट्यावर येतो. थर काढायचा, पण पार चकचकीत करायचं नाही. थोडी काळपट झाक राहू द्यायची, म्हणजे काच नीट सुटते. आणि ही दोन अर्धुकं जिथं एकमेकांना भिडतात, त्या कडांना पॉलिशपेपर चुकूनही लावायचा नाही. कड जरा गोल झाली, की फटीत काच शिरलीच. मग बाटलीच्या अंगावर उभी शिवण उमटते, बोट कापेल अशी.

हे सगळं घाशाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. कारखान्यात त्याला सगळे घाशाच म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक कड गेली नव्हती. गेली ती नेमकी त्याची सासू घर सोडून चालली होती त्या दिवशी.

त्याची बायको जाऊन महिना होत आला होता. तिच्या आजारपणात सासू मदतीला आली आणि तशीच राहिली. आता तिचा मुलगा, म्हणजे घाशाचा मेहुणा, तिला न्यायला येणार होता. दुपारी येतो म्हणाला होता. घाशानं रजा घेतली नाही. डबा भरून सकाळीच कामावर आला, घरात जणू काही घडणारच नाही असा.

सासूनं जाऊ नये असं त्याला वाटत होतं. दुसरं काही वाटत नव्हतं, पण एवढं वाटत होतं. ती गेली की त्या दोन खोल्यांत बायकोचं नाव घेणारं कुणी उरणार नव्हतं. 'आई, राहा' एवढं म्हणायचं होतं, दोनच शब्द. पण हा बाबा मूग गिळून बसला. ऐन वेळी तोंडाला कुलूप घालण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

त्याचं कारण वेगळंच होतं. बायको गेली त्या दिवसापासून घाशाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक आले, खांद्यावर हात ठेवून गेले, शेजारीण तर भिंतीला टेकून मोठमोठ्यानं रडली, आणि हा सगळ्यांना पाणी देत फिरत होता. जिन्यात कुणीतरी म्हणालंही, "काळीज आहे की धोंडा?" त्याला ते ऐकू आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. रात्री आतल्या खोलीत तो पडून राही. मधली भिंत प्लायवूडची. पलीकडे सासू. आपल्याला रडू येत नाही हे तिला कळत असणार, असं त्यानं धरूनच चाललं होतं. लेकीसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी नाही त्या जावयाकडे कुठली आई राहील? मग कुठल्या तोंडानं राहा म्हणायचं?

तर त्या दिवशी ओट्यावर साचे आले आणि घाशा घासायला लागला. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर. डोकं रिकामं असलं की माणसाचे हात फार चालतात. पहिलं अर्धुक झालं तरी तो थांबला नाही. काळपट झाक गेली, खालचं पांढरं लोखंड दिसायला लागलं, तरी थांबला नाही. घासताना कसलाही विचार करावा लागत नव्हता, ते बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, वाईट वाटत नव्हतं. पेपर कडेवरून गेला, परत आला, परत गेला. जोडीचं दुसरं अर्धुकही त्यानं तसंच धुऊन काढलं, आणि मग ओट्यावरचे सगळेच. शेवटी दोन अर्धुकं मिटून सांध्यावरून नख फिरवायचं असतं, कुठं अडकतं का बघायला. त्यानं फिरवलं. अडकलं की नाही, त्याला कळलंच नाही. साचे मशीनवर गेले.

थोड्या वेळानं बाटल्या तपासणाऱ्या बाई बोटाला फडकं गुंडाळून आल्या. त्यांच्या मागून फोरमन. फोरमनचा आवाज भट्टीच्या घरघरीवरही चढायचा, म्हणून त्याला भोंगा म्हणत.

"अरे ए घाशा!" भोंगा वाजला. "साचा आहे तो, आरसा नव्हे! बघून दाढी करणार होतास का त्यात? प्रत्येक बाटलीला ही शिवण! पिणाऱ्याचे ओठ फाटतील! अति तिथं माती म्हणतात ते तुला कुणी सांगितलं नाही? इतकी वर्षं झाली, कालचं पोर असतं तर मी समजून..."

आणि तो मध्येच थांबला. त्याला आठवलं असावं. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली होती.

घाशाला पहिल्यांदाच कसंतरी झालं. शिव्या तरी पुऱ्या द्यायच्या होत्या! महिनाभर सगळे त्याच्याशी असंच अर्धं बोलत होते. त्यानं साचा उचलून उजेडाला धरला. कडा गोल गुळगुळीत झाल्या होत्या. कुणीही बघून सांगितलं असतं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

"ते जाऊ दे," भोंगा खालच्या आवाजात म्हणाला. हा आवाज त्याला शोभत नव्हता. "आज तुझी सासू जाणार ना? मग तू इथं काय करतोयस, गाढवा? घरी जा. निरोप तरी दे म्हातारीला."

घाशा हात धुऊन निघाला. वाटेत आपण काय म्हणायचं ते जुळवत होता, पण दोन शब्दांत जुळवायचं ते काय.

घरी पोचला तेव्हा खाली दारापाशी गाडी उभी होती. मेहुणा जिन्याच्या तोंडाशी किल्ली फिरवत होता. "बरं झालं आलात, भाऊजी. आई म्हणत होती, त्यांना कामावरून उगाच बोलवू नकोस."

दोघं वर गेले. सासू खुर्चीवर बसली होती. शेजारी तिची कापडी बॅग, नीट चेन लावलेली. खोली झाडलेली, भांडी पालथी घातलेली, गॅसपाशी झाकून ठेवलेलं जेवण. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"रात्रीचं करून ठेवलंय. गरम करून घ्या," ती म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "निघू ना मी?"

हीच ती वेळ होती. आयतं ताट वाढून पुढ्यात आलं होतं. आणि हा शहाणा म्हणाला, "तुमची मर्जी."

झालं! सासू उठली. घाशानं बॅग उचलली, कारण जावई माणसानं बॅग उचलावी, एवढं त्याच्या हातांना कळत होतं. तिघं जिना उतरली. सासू मध्ये, कठडा धरून, एकेक पायरी. खाली मेहुण्यानं डिकी उघडली आणि बॅगेला हात घातला.

"द्या."

"हो," घाशा म्हणाला.

मेहुण्यानं ओढली. बॅग येईना.

"भाऊजी, सोडा ना."

"हो, हो," घाशा म्हणाला, आणि सोडली नाही. आपण सोडतोय असंच त्याला वाटत होतं. बोटं मात्र बंदांभोवती आवळलेली होती, पेरं पांढरी पडली होती. मेहुण्यानं आणखी ओढली. दोन मोठे पुरुष भर रस्त्यात म्हातारीच्या बॅगेसाठी ओढाताण करताहेत म्हटल्यावर समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. मेहुणा लाजेनं लाल झाला.

सासू त्या बोटांकडे बघत होती.

"मर्जी म्हणे!" ती एकदम म्हणाली. "माझ्या मर्जीनं झालं असतं, तर तिच्या आधी मी गेले असते."

मेहुण्याचा हात बॅगेवरून सुटला.

"मला राहायचं नव्हतं असं नाही," ती घाशाला म्हणाली. आता ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. "पण तुम्हांला तोंड कसं दाखवू? पोटची पोर गेली आणि मला रडू आलं नाही. अजून येत नाही. शेजारीण रडते, आणि मी तिला चहा विचारते! तुम्ही रोज रात्री भिंतीपलीकडे ऐकत असाल. म्हणत असाल, ही कसली आई."

घाशा तिच्याकडे बघत राहिला. महिनाभर एका भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघं जीव मुठीत धरून पडली होती, आणि दोघांनाही पलीकडून काही ऐकू येत नव्हतं.

"मलाही नाही येत," तो म्हणाला.

"काय?"

"रडू. मलाही नाही आलं, आई. एकदाही नाही."

सासूचे डोळे कोरडेच होते, याचेही. इथं दोघं गळ्यात पडून रडली असती तर समोरच्या दुकानदाराचं समाधान झालं असतं, पण तसलं काही झालं नाही.

"राहा," घाशा म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि आत काहीच हललं नाही. त्याला वाटलं होतं, निदान हे म्हटल्यावर तरी काही होईल. त्यानं तिला तेही सांगून टाकलं. "मला काहीच वाटत नाहीये, आई. तुम्ही राहिलात तरी कदाचित वाटणार नाही."

"नसू दे," ती म्हणाली. "मलाही वाटत नाही. दोघं मिळून न वाटलेलं बरं."

आणि ती वळून जिना चढायला लागली. घाशा बॅग घेऊन तिच्या मागून निघाला, आणि ती दमून थांबली की तोही खालच्या पायरीवर थांबत गेला.