क्योकुंदा बाईंचा खोकला

क्योकुंदा बाईंना खोकताना बारिगयेनं पाहिलं ते जंगलाच्या फाटकाजवळच्या स्वयंपाकाच्या खोपीमागं. एक हात भिंतीला टेकून, दुसऱ्या हातानं तोंडावर रुमाल दाबून त्या वाकल्या होत्या. खोकला साधा नव्हता, छाती खरवडून येत होता. ढास थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले, रुमालाची घडी केली आणि जणू काही झालंच नाही अशा ताठ मानेनं त्या अंगणात बाकीच्या पाहुण्यांत येऊन उभ्या राहिल्या.

बारिगये चौदा वर्षं कागोमाच्या फाटकावर वाटाड्या होता. रोज सात-आठ माणसं त्याच्यामागून गोरिला बघायला जंगलात शिरत, आणि शिरण्याआधी तो प्रत्येकाला तेच विचारी. ताप आहे? सर्दी, खोकला, जुलाब? असेल तर आत्ताच सांगा, दुसरी तारीख मिळेल. आपले आजार गोरिलांना लागतात. आपली सर्दी चार दिवसांत जाते. त्यांच्यात तीच सर्दी पिल्लाचा जीव घेते.

पण या बाईंनी त्याला शाळेत शिकवलं होतं. बाप गेल्यावर तो शाळा सोडून बकऱ्यांमागं फिरायला लागला, तेव्हा टेकडी चढून येऊन, कान धरून त्याला परत वर्गात बसवणाऱ्या याच. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूनं गोरिला काढला. वर्गाच्या खिडकीतून जंगल दिसायचं, आत मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या. निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांचा परवाना काढला, आणि आजची तारीख बारिगयेनंच मिळवून दिली होती.

"कुणाला खोकला?" त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं.

बाईंनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "नाही."

कपाळासमोर धरलेल्या यंत्रानंही ताप दाखवला नाही. तो हळूच म्हणाला, "बाई, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? चल, उगाच वेळ काढू नकोस."

वर्गात ज्या आवाजापुढं तो गप्प बसायचा, तोच हा आवाज. तो गप्प बसला.

चढ तीन तासांचा होता. बाई एकाहत्तर वर्षांच्या, दोन हमाल त्यांना हात देत होते. पुढं माग काढत रवाबुटोगो गेला होता, या जंगलातला सगळ्यात जुना माग्या. गोरिलांनी मोडलेली फांदी पाहून ते कधी गेले, किती होते, कुणाच्या मनात राग होता, हे तो सांगे. रुतारेचं कुटुंब त्यानं उतारावरच्या नेच्यांत गाठून दिलं. रुतारे म्हणजे खडक. अंगकाठी पाहूनच नाव ठेवलेलं होतं. पाठीवर रुपेरी केस आलेला तो नर पाहुण्यांकडं ढुंकूनही न बघता पाला ओरबाडत बसला होता. बाकीचे पाहुणे त्याच्याकडंच बघत राहिले. रवाबुटोगोही त्या बाजूला होता, हमाल खाली वाटेवर थांबले होते.

न्याकाटो नावाची मादी अलीकडं बसली होती, पोटाशी पाच महिन्यांचं पिल्लू. पिल्लू तिच्या मांडीवरून घसरलं, कोलमडलं, उठलं आणि बाईंच्या दिशेनं निघालं. अंतर दहा मीटर ठेवायचं असतं. आठ झालं, सहा झालं. बारिगयेनं बाईंचं कोपर धरून मागं घ्यायला हवं होतं. सगळ्यांना बांधायला दिलेली तोंडावरची पट्टी खाली ओढून बाई रडत होत्या. त्यांना श्वास पुरत नव्हता. मग त्या खोकल्या, दोनदा. आवाजानं पिल्लू थबकलं आणि मान वाकडी करून त्यांच्याकडं बघू लागलं.

तेव्हा कुठं त्यानं बाईंना मागं ओढलं. हे दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

उतरताना बाईंनी त्याचा हात धरला. "बारिगये, चौतीस वर्षं मी गोरिलाचे हात चुकीचे काढत होते रे." त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्यानं मनातला विचार तिथंच दाबून टाकला.

नवव्या दिवशी रवाबुटोगोनं बातमी आणली. न्याकाटोच्या पिल्लाचं नाक वाहतंय, ते दूध ओढत नाहीय. जनावरांचे डॉक्टर येऊन लांबून बघून गेले. औषधाची सुई मारायचं ठरेपर्यंत, बाराव्या दिवशी, पिल्लू गेलं.

न्याकाटोनं ते सोडलं नाही. मेलेलं पिल्लू एका हातानं छातीशी धरून ती तीन पायांवर चालायची, बसली की त्याचे केस चिवडायची. बारिगयेला रोज पाहुण्यांना तिथंच न्यावं लागे. पाहुणे कुजबुजत विचारत, काय झालं त्याला? तो सांगे, "आजारी होतं." सहाव्या दिवशी तिनं ते एका झाडाच्या बुंध्याशी ठेवलं, बराच वेळ शेजारी बसली आणि कुटुंबामागं निघून गेली.

तोवर चौकशी सुरू झाली होती. जंगलखात्याच्या साहेबांनी प्रत्येकाला बोलावलं. बारिगयेला विचारलं, "पाहुण्यांपैकी कुणी आजारी होतं?"

"मी प्रत्येकाला विचारलं होतं, साहेब. कुणीच हो म्हटलं नाही."

शब्द न शब्द खरा होता. 

मग कोण खोकतं, असं विचारल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. रवाबुटोगोचा चिलमीचा खोकला आख्ख्या गावाला ठाऊक होता. निकाल लागेपर्यंत त्यानं जंगलात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला.

पहिले काही दिवस म्हाताऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. "खोकल्यानं कुणी मरत असतं, तर माझी बायको केव्हाच गेली असती. तीस वर्षं शेजारी झोपतेय!" पण केळ्याच्या दारूच्या गुत्त्यावर लोक काय सोडतात? "आला बघा पिल्लूखाऊ! तोंड तिकडं कर रे बाबा, आमची पोरं लहान आहेत." एकानं तर त्याचा पेला वेगळा ठेवला. म्हाताऱ्यानं गुत्त्यावर जाणं बंद केलं, मग रविवारी चर्चला जाणंही बंद केलं.

बारिगये रोज ठरवायचा, आज सांगू. सकाळी फाटकावर पोचला की वाटायचं, बाईंचं नाव चव्हाट्यावर येईल. रात्रीपर्यंत स्वतःशी कबूल करावं लागायचं की बाईंचं नाव हा बहाणा आहे. खरी भीती स्वतःच्या अंगावरचा गणवेश जाण्याची होती. घरात कुणी खोकलं तरी तो दचकायचा. पाहुण्यांना "सर्दी, खोकला?" विचारताना त्याची जीभ अडखळू लागली.

एका संध्याकाळी तो रवाबुटोगोच्या घरावरून चालला होता. म्हाताऱ्यानं हाक मारून त्याला आत बोलावलं. चुलीत त्याची लाकडी चिलीम जळत होती.

"काका, हे काय?"

"टाकली. उशीर झाला टाकायला." म्हातारा निखाऱ्यांकडं बघत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं. "मी खूप विचार केला, पोरा. त्या सुमाराला एकदा मी पट्टी खाली करून रताळं खाल्लं होतं. वारा माझ्याकडून त्यांच्याकडं जात होता. वाऱ्याचं मला कळू नये? त्याच्या आईला ती लहान असल्यापासून मी बघत आलोय. ती माझ्यासमोर वाढली, आणि तिचं लेकरू मी मारलं."

"काका, तुम्ही नाही..."

"मीच. लोक उगाच बोलत नाहीत."

बारिगयेला तिथंच तोंड उघडायचं होतं. त्याऐवजी अंधार पडेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि उठून घरी गेला. पण सकाळी गणवेश न घालता तो साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि खोपीमागच्या रुमालापासून सगळं सांगून मोकळा झाला.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या बाईंमुळंच झालं, हे कुणाला सिद्ध करता येणार नाही. डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्यांतून काही निघालेलं नाही."

"माहीत आहे, साहेब."

"त्यांच्यामुळं झालं नाही, असंही म्हणता येणार नाही. तू हे पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

 सहा महिने घरी बसायचं आणि परतल्यावर वाटाड्या म्हणून नाही, असं ठरलं. रवाबुटोगोला त्याच दिवशी कामावर बोलावणं गेलं.

ते बोलावणं पोचण्याआधी बारिगये स्वतः त्याच्या अंगणात गेला. म्हातारा घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता. सगळं ऐकून होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"एकोणीस दिवस," शेवटी तो म्हणाला. "तू मोजलेस का? मी मोजले. काल चुलीपुढं मी तुझ्यासमोर रडलो, तेव्हाही तू बसून राहिलास."

"काका, माझं चुकलं."

"जा आता. दाणे सांडतील माझ्या हातून."

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या गावी गेला. बाईंचा खोकला बरा झाला होता. ओसरीवर गल्लीतली चार-पाच पोरं बसली होती आणि बाई हातांनी पिल्लाची चाल करून दाखवत होत्या. त्याला पाहून त्यांनी पोरांना पिटाळलं, आत जाऊन ज्वारीची आंबील आणली. त्यानं भांडं हातात घेतलं नाही. उभ्या उभ्याच पिल्लू गेल्याचं आणि दुसऱ्यावर आळ आल्याचं सांगितलं.

बाई खाली बसल्या. "मी त्या दिवशी तापाची गोळी घेतली होती," त्या हळू म्हणाल्या. "यंत्र लावणार हे मला माहीत होतं. म्हणून पहाटेच घेतली."

"बाई, दोष माझा..."

"आहेच तुझा!" त्यांचा आवाज चढला. "मी म्हातारी बाई, जन्मभराची हौस, मी खोटं बोलणारच होते. तू मला अडवायला हवं होतंस. त्यासाठीच तुला तिथं उभं केलं होतं ना? मी तुझा कान धरला तेव्हा तू रडलास, पाय आपटलेस. मी सोडला का?"

त्यानं मान खाली घातली. बाई रडत होत्या, पण त्यांनी डोळे पुसले नाहीत.

"ज्याच्यावर आळ आला, तो माणूस कुठं राहतो?"

"बाई, कशाला? आता सगळं..."

"कुठं राहतो ते विचारलं मी."

भाड्याच्या मोटरसायकलवर त्याच्यामागं बसून बाई घाट चढून गेल्या. रवाबुटोगो दारात कोयत्याला धार लावत होता. बाई उतरल्या, त्याच्यासमोर गेल्या आणि दोन्ही गुडघे टेकून खाली बसल्या. वडीलधाऱ्यापुढं बाईमाणूस बसतं तशा. पण त्या शाळेच्या बाई होत्या, गावोगावच्या साहेबांना त्यांनी अक्षरं शिकवली होती, आणि म्हातारा वयानं त्यांच्याहून लहान होता. तो हादरून उठला.

"अहो बाई, हे काय करता! उठा, उठा!"

"खोकला माझा होता," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं, तरी मी गेले."

म्हाताऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं, स्वतःचं स्टूल दिलं. त्याची बायको घाईघाईनं आंबील घेऊन आली. दोघं खूप वेळ बोलत बसले. बाईंनी न्याकाटोबद्दल विचारलं. ती खाते का, कुटुंबात मिसळते का? म्हातारा एकेक सांगत होता. बारिगयेला कुणी बस म्हटलं नाही. तो मोटरसायकलजवळ उभा राहिला.

सहा महिन्यांनी तो कामावर परतला ते माग्या म्हणून, रवाबुटोगोच्या हाताखाली. म्हातारा पुढं कोयता चालवी, हा मागून चाले. म्हातारा त्याला माग शिकवी, विष्ठा किती जुनी ते दाखवी, घसरणीवर हातही देई. पूर्वीसारखी चेष्टा मात्र त्यानं कधी केली नाही. न्याकाटो दिसली की दोघं अंतर राखून बसत, आणि बारिगये तोंडावरची पट्टी पुन्हा पुन्हा चाचपून बघे.