पुन्हा सुरण आला

"गो श्रुतिका, आडाळी गंजली की घराचो कोठो बिघाडता. माझी आये सांगायची."

सुगंधा असं म्हणाली आणि तिची सून श्रुतिका खुदकन हसली. "आई, तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणत तिने मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सिंकखालच्या कपाटात सारलं. मित्रांनो, ती आडाळी म्हणजे मी. तुम्ही मला विळी म्हणता, आणि कोठो म्हणजे पोट. हसण्यावारी नेलेलं ते वाक्य माझ्याबरोबरच त्या कपाटात बंद झालं. मी आता बाहेर आले आहे. ते वाक्य मात्र अजून आत बसलं असावं. कपाटाचं दार उघडलं की श्रुतिकाचा चेहरा उतरतो, तो उगाच नाही.

कणकवलीजवळच्या एका लोहाराने मला घडवलं. पातं त्याने लालभडक तापवून ठोकलं, टोकाला नारळ खवायचे दाते काढले आणि फणसाच्या लाकडाच्या पाटावर मला बसवलं. सुगंधाच्या लग्नात तिच्या आईने इतर भांड्यांबरोबर मला दिलं. सुगंधाचा नवरा लवू मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तसं त्यांचं बिऱ्हाड दिंडोशीच्या वसाहतीत आलं. मीही आले.

काय दिवस होते ते! एक पाय दुमडून, एक माझ्या पाटावर दाबून सुगंधा बसायची आणि माझ्या पात्यावर लाल माठाच्या जुड्या भराभर उतरायच्या. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला. उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची कुयरी. एरवी भोपळा, पडवळ, गवार, आणि रोजचा अर्धा नारळ. शेजारच्या चंपाकाकू मला मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "सुगंधा, हिची धार म्हणजे धार हो!" मी मनातून फुलून जायचे. काम झालं की सुगंधा मला धुऊन, पुसून, आडवी ठेवायची. विळी उभी ठेवली की घरात भांडणं होतात, असं ती मुलांना बजावायची.

सगळं चिरायला मला आवडायचं. एक सुरण सोडून.

सुरण खाजरा. हाताला कोकम चोळल्याशिवाय त्याला कोणी शिवत नाही. तो या घरात पहिल्यांदा आला तो लवूसाठी. लवूला शौचाला रक्त पडायचं. त्याने ते बायकोच्या कानात सांगितलं आणि बायकोने शेजारी विचारलं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, मूळव्याध. आणि मूळव्याधीला सुरण, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. म्हणून मी सुरण चिरत राहिले. सुगंधा तो चिंच घालून शिजवत राहिली. लवू तो निमूट खात राहिला आणि दिवसेंदिवस वाळत गेला. शेवटी त्याला गावी नेलं. तो परत आला नाही. कोणत्या दुखण्याने गेला, ते कोणी विचारलं नाही. विचारायला आधी कोणाला दाखवावं लागतं ना!

त्यानंतर सुरण या घरात आला नाही. लवूची दोन्ही मुलं, सुशांत आणि हर्षद, मोठी झाली. धाकटा हर्षद ट्रॉम्बेला राहायला गेला. थोरल्या सुशांतचं लग्न झालं आणि श्रुतिका घरात आली.

मित्रांनो, श्रुतिकाला बोल लावू नका. ती शिकलेली, हुशार पोर. अंधेरीच्या ऑफिसातून दमून यायची, तेव्हा लहानगी दिशा तिच्या पायांना मिठी मारून रडायची. त्या वेळी खाली बसून माठ कोण निवडणार? मग ओट्यावर पॅकेटं आली. सकाळी सॉसेज नाहीतर सलामी, मैद्याचा पाव. संध्याकाळी फरसाण, मागवलेले नूडल्स, वर गार काळं पेय. सुशांत तर दुपारीही ऑफिसखालच्या गाडीवरच जेवायचा. सुगंधा म्हणायची, "अरे, ताटात हिरवा काय ता दिसू दे!" त्यावर तो सॉसची बाटली हलवून म्हणायचा, "आई, हा टोमॅटोच आहे ना? लाल भाजी समज. चल, संपला विषय."

सगळे हसायचे. मी अंधारात पडून ऐकायचे. माझ्या पात्यावर गंजाचा पहिला ठिपका आला, तो मला चावल्यासारखा जाणवला.

माझ्या कपाटामागेच संडासाची भिंत. अंधारात दुसरं काही नसलं की कान तीक्ष्ण होतात. सुशांत आत गेला की लवकर बाहेर येत नाही, हे मला कळू लागलं. मग तो फ्लश पुन्हा पुन्हा ओढू लागला, काहीतरी पुसून टाकायचं असल्यासारखा. आणि मग ती खोल, दबलेली खाकर. मित्रांनो, ती खाकर मी ओळखली. पूर्वी लवू असाच खाकरायचा. मला वाटलं, लवूच परत आलाय. माझं पातं गार पडलं. पण विळीला ओरडता येत नाही.

एका रविवारी कपाटाचं दार उघडलं. उजेड आला. श्रुतिकाने मला बाहेर काढलं आणि वर्तमानपत्र सोडलं. मला इतका आनंद झाला! आणि मग मी ओट्यावर पाहिलं. तिथे मातीने माखलेला, कुबड्या म्हाताऱ्यासारखा सुरण बसला होता.

"सुऱ्याने कापला जात नाहीये हो आई," श्रुतिका म्हणाली. "सुशांतने स्वतः आणलाय. म्हणे, उष्णता झालीय."

सुगंधा दारात होती. "उष्णता? मगे कोकम सरबत घे म्हणा. सुरण कित्याक?"

"मला खावासा वाटला गं, बस," सुशांत हॉलमधून म्हणाला. "तूच म्हणतेस ना, भाजी खा, भाजी खा. आता खातोय तर चौकशी!"

"पोराक अक्कल इली," सुगंधा हसली, पण अर्धवट.

श्रुतिका माझ्यावर बसली. तिला सवय नव्हती. माझी धार गेलेली, सुरण निसरडा. तिचा हात सटकला आणि बोटाला मी लागले. एक थेंब, फक्त एक थेंब रक्ताचा पाटावर पडला.

मग काय विचारता! सुशांत धावत आला. "अगं, जपून ना यार!" त्याने तिचं बोट नळाखाली धरलं. सुगंधाने हळदीचा डबा उघडला. "गंजकी विळी आहे, इंजेक्शन घ्यावं लागेल," तो घाबरून म्हणाला. "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

दिशा मध्ये उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाबा, आईला तर एवढुसंच आलं. तुझं तर पॉटमध्ये किती येतं! तू कधी जातोस डॉक्टरकडे?"

नळ चालूच राहिला.

"काय बोलतेय ही?" श्रुतिकाने विचारलं.

"काही नाही गं. ती काय, लहान आहे."

"सुशांत. कधीपासून?"

"अगं, साधी मूळव्याध आहे! बाबांना पण होती. आमच्या घरात आहेच ती."

सुगंधाच्या हातातून डबा पडला. सगळ्या फरशीवर हळद झाली. ती खाली बसली, अगदी माझ्या शेजारी, आणि तिचा हात माझ्या पाटावर आला.

"बाबांका मूळव्याधच होती, ता कोणी सांगला रे झिला?" ती म्हणाली. "आमी तेंका कोणाक दाखवलाच नाय. आमी सुरण दिलो. नुसतो सुरण दिलो."

तो सुरण त्या दिवशी अर्धाच चिरलेला राहिला.

डॉक्टरांनी सुशांतला दुर्बिणीने तपासलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तो श्रुतिकाच्या तोंडून, आणि तोही कुजबुजून. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पण पूर्ण वेळेत का, ते त्यांनी सांगितलं नाही.

श्रुतिकाने त्यांना विचारलं होतं. घरी येऊन माझ्यावर दुधी चिरता चिरता ती सुगंधाला सांगत होती. "मी म्हटलं, माझ्यामुळे झालं का हे? मी दिलेल्या खाण्यामुळे? तर म्हणाले, कुठल्याच एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. वर्षानुवर्षं ताटात भाज्या, डाळी, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य असेल तर धोका कमी होतो. सॉसेज, सलामी असलं टिकवलेलं मांस रोज खाल्लं, दारू घेतली, तर वाढतो. घराण्यात कोणाला असेल तर आणखी वाढतो. पण म्हणाले, नीट खाणाऱ्यालाही होऊ शकतो. म्हणून रक्त दिसलं की घरी औषधं करत बसायचं नाही, दाखवायचं."

"आणि हर्षद?" सुगंधाने विचारलं.

"त्यालाही तपासून घ्यायला सांगितलंय. सख्खा भाऊ ना."

आता मला धार लावून आणली आहे. मी रोज चिरते. दिशा शेजारी मांडी घालून गवारीच्या शिरा काढते. आजी तिला म्हणते, "बघ, आडाळी कशी चमाकता!" पण मित्रांनो, पात्याच्या मुळाशी एक गंजाचा डाग राहिला आहे. घासला तरी जात नाही. आणि भिंतीपलीकडे सुशांतने फ्लश ओढला की श्रुतिकाचा हात माझ्यावर थांबतो. ती कान देते. मीही देते. पुन्हा पाणी वाहतं का? खाकर येते का? काही आलं नाही, की आम्ही दोघी पुढची शेंग घेतो.

आज तिने हर्षदला फोन लावला. फोन ओट्यावर, आवाज मोठा.

"हर्षद, तपासणीचं काय केलंस?"

"वहिनी, तू पण ना! माझं पोट एकदम झकास आहे. गणपतीनंतर बघू."

"मागच्या वेळी पाडव्यानंतर म्हणाला होतास."

"अगं, ऑफिसात वाट लागलीय. आणि आईला सांग, मी पण भाजी खायला लागलोय. थोडी उष्णता झालीय ना, म्हणून काल मस्त सुरण आणलाय."

सुगंधाने भिंतीला हात टेकला. श्रुतिकाने माझं पातं मिटलं, मला आडवं ठेवलं, भाजी तशीच अर्धी सोडली आणि ट्रॉम्बेला जायला चपला घातल्या. "दिशाला बघा आई. मी त्याला घेऊनच डॉक्टरकडे जाते."

दार लागलं. मी इथे आडवी पडून वाट बघते आहे.

मित्रांनो, मी विळी. मला पाय नाहीत, कोणाचं दार वाजवता येत नाही. तुम्हाला येतं. मला धार लावा, माझ्यावर रोज काहीतरी हिरवं चिरा, हे तर मी मागणारच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरातला जो माणूस आत फार वेळ बसतो, फ्लश पुन्हा पुन्हा ओढतो, आणि विचारलं की 'उष्णता आहे' म्हणून हसतो, त्याच्याजवळ जा. लाजू नका. दिशासारखं सरळ विचारा. आजच विचारा.