कोणताही कागद

पाटनहून ट्यूबलाइटचे सात चोक परत आले ते बुटाच्या खोक्यात, सुतळीने बांधून. पाठवले होते दहा. श्रीकांतजींनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"नऊ दिवसांत सात," ते म्हणाले. "उरलेले तीन कधी जातात त्याची सेठ वाट पाहून राहिलाय."

मी सुतळी सोडली. जळक्या वासातही फरक असतो. तांब्याच्या तारेचा वेगळा, ट्रान्झिस्टरचा वेगळा. हा ट्रान्झिस्टरचा होता.

"शनिवारी दिल्लीवाला येतोय," ते पुढे म्हणाले. "तयार बोर्ड देतो म्हणतो, आपण फक्त डब्यात घालायचे. हे काहून जळले ते तोवर कळलं तर ठीक. नाहीतर मी त्याला हो म्हणून टाकणार."

हे शहाण्णवच्या मे महिन्यातलं. जबलपूरला मदनमहल स्टेशनच्या मागे श्रीकांतजींचं वर्कशॉप आहे. तिथे पंधरा वर्षं लोखंडी पट्ट्यांचे जुने चोक बनत होते. जड, सारखे गुणगुणणारे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर येतं, तेव्हा त्या चोकवर ट्यूबलाइट नुसती मिचमिचत राहते. इलेक्ट्रॉनिक चोक दीडशेतही ट्यूब एका दमात लावतो, आणि आवाज करत नाही. तो मी बनवला होता. सर्किट माझं, ड्रॉइंग माझं. पाटनच्या धान्यव्यापारी सेठच्या शेडमध्ये लावलेले दहा ही पहिली परीक्षा होती. दिल्लीचे बोर्ड आले की माझ्या टेबलाचं काम संपणार होतं, आणि मालनमावशींच्या खोलीचंही.

मालनमावशी चोकची तार गुंडाळतात. माहेर उमरेडकडचं, लग्न होऊन जबलपूरला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. एका चोकला एकशे चाळीस फेरे. त्या मोठ्याने मोजतात. माझ्या सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्यापासून माझी आठ महिन्यांची लेक रोज माझ्याबरोबर वर्कशॉपात यायची. मावशींच्या खोलीत साडीची झोळी बांधली होती आणि झोळीची दोरी मावशींच्या पायाच्या अंगठ्याला. हातात तार, पायात दोरी, तोंडात आकडे. लेक साधारण साठ-सत्तरच्या मध्ये झोपायची. ती झोपली की मावशींचा आवाज उतरायचा, पण मोजणं सुटायचं नाही. भिंतीच्या अलीकडे बसून मलाही कळायचं, आता झोपली.

बुधवार आणि गुरुवार मी ट्रान्झिस्टरमागे घालवले. आधीच्या नमुन्यांपैकी एक पत्र्याच्या डब्यात बंद करून, शेजारी शंभराचा बल्ब लावून तापवला. शेडच्या पत्र्याखाली होईल त्याहून जास्त गरम केला. व्होल्टेज एकशे तीसपर्यंत खाली आणलं, दोनशे साठपर्यंत वर नेलं. चोक मजेत चालला. दोन महिने चालत होता तसाच.

शुक्रवारी दुपारी लेकीला पाजत बसले होते. समोरच्या भिंतीवर माझ्याच चोकवरची ट्यूब चालू होती आणि ती दूध सोडून पुन्हा पुन्हा तिकडेच बघत होती.

"काय आहे तिथे?" मी विचारलं. "रोजचाच तर उजेड आहे."

तेव्हा सेठचा फोन आठवला. चोक लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता, आणि श्रीकांतजींनी तो आम्हाला नकलेसकट ऐकवला होता. "अरे भैया, ऐसी लाइट तो ब्याह के मंडप में नहीं होती!" सगळे हसले होते. मीही हसले होते.

ट्यूब तीच, सर्किट तेच. मग उजेड जास्त कुठून आला?

लेकीला मावशींकडे दिलं आणि सातही चोक मीटरला लावले. सातही ठरल्या मापापेक्षा चौथाईने कमी. म्हणजे ट्यूबला जास्त करंट जात होता. ट्यूब लखलखत होती आणि ट्रान्झिस्टर भाजत होते.

चोकच्या आत फेराइटचे दोन काळे तुकडे समोरासमोर बसवतात आणि मध्ये कागदाची पट्टी घालतात. पट्टीच्या जाडीवर चोकचं माप ठरतं; पट्टी जाड झाली की माप उतरतं. मी एक चोक चिमट्यात धरून डिंकाच्या रेषेवर फोडला. आमचा कागद भुरा असतो, पार्सलला गुंडाळतात तसला. आतून निघाला निळा पुठ्ठा, वहीच्या कव्हरचा. मागच्या बाजूला बाराच्या पाढ्याचा तुकडा छापलेला होता. बारा साते चौऱ्याऐंशी. पुढचं कापलं गेलं होतं.

तो तुकडा हातात असतानाच मला ती दुपार आठवली. लेकीला लस टोचून आणली होती, अंग तापलं होतं, ती रडत होती. मावशी दारात आल्या होत्या.

"बाई, तो भुरा कागद सरला. दुसरा कोनता लावू?"

"कोणताही लावा मावशी. फक्त पदर एकच ठेवा."

त्यांनी एकच ठेवला होता.

मावशींच्या हातचे चोक मी मोजत नसे. नमुन्यांचे पहिले वीस मोजले तेव्हा सगळे एका मापाचे निघाले, आणि पुढे मोजणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं मला वाटू लागलं होतं. मीटर मात्र टेबलावरच असायचं.

शनिवारी सकाळी श्रीकांतजी मावशींच्या खोलीतच आले. मी फोडलेला चोक त्यांच्या हातात दिला आणि पट्टीच्या जाडीचं सांगितलं. एवढंच सांगितलं. बाकीचं जिभेवर होतं, तेवढ्यात ते मावशींकडे वळले.

"मावशी, हे काय आहे?"

"पुठ्ठा. नातवाच्या वहीचा."

"कुणी सांगितला लावायला?"

मावशींच्या अंगठ्याला दोरी होती. ती थांबली नाही.

"कोनी नाही. भुरा सरला होता, मी माह्या मनानंच लावला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

श्रीकांतजींनी मोठा श्वास सोडला. "चलो. म्हणजे डिझाइन ठीक आहे." त्यांचा चेहरा सैल झाला. माझ्याकडे बघून हसले, मग आवाज मऊ करून मावशींना म्हणाले, "मावशी, तुमचंही आता वय झालं. डोळ्यांना त्रास. घरी नातवंडं आहेत. मी कुणी नवीन बाई बघतो."

"हो जी," मावशी म्हणाल्या. "बघा."

हातातला चोक अर्धा झाला होता. तार सैल पडू नये म्हणून त्यांनी बोटाने दाबून धरली होती.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"कोणताही कागद लावा, असं. मावशी विचारायला आल्या होत्या." मी ड्रॉइंग आणून त्यांच्यासमोर धरलं. माझ्याच अक्षरात होतं: कागद, एक पदर. "इथेही जाडी लिहिलेली नाही. आणि दहाही मोजायला हवे होते. मी मोजले नाहीत."

श्रीकांतजी ड्रॉइंगकडे बघत राहिले, मग मावशींकडे, मग झोळीकडे.

"एक म्हणते मी केलं, दुसरी म्हणते मी केलं," ते म्हणाले. "तुम्ही दोघी मिळून मला येडं करून राहिल्या."

झोळी हलत होती.

"तो दिल्लीवाला बारा वाजता आपल्या नेपियर टाउनच्या दुकानात येऊन बसणार आहे," ते म्हणाले. "नवे दहा किती दिवसांत?"

"तार हाये," मावशी म्हणाल्या. "परवा सकाळी देतो."

"मोजून?"

"मोजून परवा संध्याकाळी," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "त्याला एक महिना थांब म्हणतो. एकच. आणि प्रमोदिनी, यापुढे कोणताही म्हणायचं नाही. कशालाच नाही. चहा कोणता घेणार विचारलं तरी नाही."

ते गेल्यावर मावशी माझ्यावरच उखडल्या.

"काहून बोलली तू? मी म्हातारी, मले काय हाय? आज नाही तर उद्या बसनारच घरी. तुले हे एवढं लेकरू हाये."

"मावशी, तुम्ही विचारलं होतं."

"विचारलं तर काय झालं! माह्या बोटाले कळलं होतं, जाड हाये म्हनून. बाई म्हनते कोनताही, मग चालत असंल, म्हनलं." त्यांनी तार पुन्हा ताणली. "हट, तुह्या नादात आकडा इसरली. आता पयल्यापासून."

आणि त्यांनी सगळी तार उलगडली.

नव्या ड्रॉइंगवर मी जाडी लिहिली, दोन दशांश मिलिमीटर. मावशींना दशांश वाचता येत नाही, म्हणून शेजारी भुऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला. नवा कागद आला की त्या एका हाताच्या चिमटीत तो धरतात, दुसऱ्या हाताच्या चिमटीत हा, आणि डोळे मिटतात. मग मी मीटर लावते. त्याचं त्यांना काही वाटत नाही. उलट मी विसरले तर हाक मारतात.

महिना सरला त्या दिवशी पाटनहून फोन आला. दहाही चालू होते. तरी श्रीकांतजी बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "सेठ म्हणतो, पहिल्यासारखी लाइट नाही. कमी आहे."

"तेवढीच पाहिजे."

त्यांनी हात काढला. "सेठजी, इतनी ही रहेगी," ते म्हणाले. थोडं ऐकलं. "नहीं नहीं, दिल्ली का नहीं है. यहीं का है, घर का." पुन्हा ऐकलं आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. "कितने? चालीस? लिख रहा हूँ."

भिंतीपलीकडे मावशींचं मोजणं चालू होतं. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्टला आवाज उतरला.