किल्ल्यातून जायचं कुणी

लॉकडाउनमध्ये इथे परदेशात, आमच्या टूनगॅबी उपनगराच्या रस्त्यांवर लष्कराची माणसं फिरत होती, आणि आमच्या मराठी मंडळाला गणपतीच्या नाटकासाठी वसईचा वेढा सुचला. तोही झूमवर. मंडळात वसईचे ख्रिस्ती आम्ही एकटेच, म्हणून दिग्दर्शक मुरलीधरने पोर्तुगीज किल्लेदाराचं काम माझ्या नवऱ्याच्या, हेन्रीच्या गळ्यात मारलं.

"तुझ्याकडे सूटपण असेल ना, मेट?" मित्राला इथल्यासारखं 'मेट' म्हणत त्याने विचारलं.

हेन्री हुरळला, मी तडकले. आमची दहा वर्षांची रेनी बाहेरून हल्ला करणाऱ्या मराठ्यांत होती. म्हणजे बेडरूममध्ये मराठे, डायनिंग टेबलावर पोर्तुगीज आणि मध्ये मी भाकऱ्या थापतेय.

"मम्मी, व्हिच साइड आर वी?" रेनीने विचारलं.

मी वसईला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"आई, त्या लढाईत आपण कोणाकडून होतो?"

"आपला एक आत तटावर होता, त्याचा चुलतभाऊ बाहेर. बाकीचे वाडीत केळी राखत होते. दोन्हीकडचे येऊन घड तोडून न्यायचे, असं माझी आजी सांगायची."

"मग हरलं कोण?"

"केळी तर आपलीच गेली ना, डोरीन."

आपलेच दात, आपलेच ओठ. माझा गोंधळ होता त्याहून वाढला. मी हेन्रीला म्हटलं, "नाही म्हणून सांग. पोरीसमोर तुला परका ठरवतील."

"नाटक आहे गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावलंय, ते बघ ना."

प्रयोगाला स्क्रीन घराघरांनी भरली होती. किल्ला पडला. आता हेन्रीने 'आम्ही आमच्या देशी निघालो' म्हणायचं आणि लीव्हचं बटण दाबायचं होतं. त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"हेन्री, निघ रे आता," मुरलीधर कुजबुजला.

"कुठे जाऊ? माझे लोक गेले नव्हते रे. ते तिथेच राहिले."

हे संहितेत नव्हतं. मुरलीधरही गडबडला असेल, त्याने सरळ हेन्रीला मीटिंगमधून काढून टाकलं. बेडरूममध्ये रेनीच्या स्क्रीनवर तुताऱ्या वाजल्या, जयजयकार झाला. राग नेमका कोणाचा करावा तेच मला कळेना. नाटक मोडणाऱ्या नवऱ्याचा, की ते सावरणाऱ्या मुरलीधरचा? मला नुसतं रडू येत होतं.

तेवढ्यात बेडरूममधून रेनीचा आवाज आला.

"अंकल, डॅड वॉज स्टिल इन द फोर्ट. कॅन यू लेट हिम बॅक इन?"

जयजयकार थांबला.

"नाटक संपू दे, बेटा," मुरलीधर म्हणाला.

हेन्रीने ते ऐकलं. तो लॅपटॉपसमोरून हलला नाही. परत आत घेतील म्हणून वाट बघत बसला.